बारीक आवाजाची फिरकी

ओडेन्से,
११ फेब्रुवारी १९९६

ती. गुड्रुन आत्यास,
सिसेलचा सा. न. वि. वि.

एखाद्या माणसाला जे ऐकू येत नाही, ते ऐकू येत नाही हे त्याला सांगावं का? कानांचाच अभ्यास करून मी आपल्या घरातली पहिली पदवी घेतली, रोज कानच तपासते, तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

प्रश्न बाबांचा आहे. नाताळात त्यांच्याकडे लेमवीला गेले होते. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ. बाबांनी बदक भाजलं, मी तांदळाची खीर केली. आपल्याकडे ही खीर कशी खातात ते तुला माहीत आहे. ज्याला खिरीतला अख्खा बदाम सापडेल तो गालात लपवून बसतो आणि बाकीच्यांना वाडगा संपेपर्यंत खायला लावतो. मला वाटलं बाबांच्या गालात आहे, त्यांना वाटलं माझ्या. पोट फुटेस्तोवर खाल्ली. मग कळलं की बदाम कुणी टाकलाच नव्हता. ते काम आईचं होतं. आम्ही हसलो नाही, वाईटही वाटलं नाही. उठून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी वेर्नर आला. बाबांचे जुने स्पीकर गोळा करणारे, दुरुस्त करणारे जे मित्र आहेत ना, त्यांच्यातला तो उंच, बंदरावर जाळी विणणारा. बाबांनी त्याची पन्नास सालातली जोडी तयार केली होती. पेट्यांचं अक्रोडाचं लाकूड असं घासलं होतं की हात फिरवत राहावं. कागदी शंकू त्यांनी स्वतः सांधलेले, जाळीचं कापड नवं. मग या मित्रमंडळाची नेहमीची टेप लावली, मच्छीमारांसाठीच्या हवामानाची. बाई बोलते आहे असं वाटलं पाहिजे, डबा बोलतो आहे असं नाही, ही त्यांची परीक्षा. आत्या, त्या बाईच्या तोंडातला प्रत्येक 'स' पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. कान झाकायला माझा हात वर गेला, तो मी केसांवरून फिरवला. वेर्नर बुटांकडे बघत होता. आणि बाबा म्हणाले की अजून घोंगडीखालून आल्यासारखं वाटतंय, आणि बारीक आवाजाची, म्हणजे वरचे पातळ स्वर कमीजास्त करणारी फिरकी त्यांनी आणखी पुढे केली.

बाहेर गाडीपाशी वेर्नरने मला गाठलं. म्हणाला की गेल्या वसंतापासून असंच चाललंय. मंडळी जोडी घरी नेतात, मागची फळी उघडतात आणि गुपचूप फिरकी मागे घेतात. पूर्वी कुणी हे केलं नसतं, कारण काम संपलं की बाबा फिरकीच्या दांड्यावर लाल लाखेचा थेंब टाकून ती पक्की करायचे. बाबांच्या लाखेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आता ते लाख लावतच नाहीत. सांगत का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, तू शिकलेली आहेस, तू सांग.

मी अनोळखी माणसांना रोज सांगते. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की ते बटण दाबतात. काहीजण आवाज नसतानाही दाबतात, ऐकू यावं अशी इच्छा असते म्हणून. त्यांनाही मी कागद दाखवून खरं ते सांगते. प्रत्येकाला आपलं खरं कळायचा हक्क आहे असं मी मानते. पण बाबांसमोर मी कॉफी ओतली.

मे अखेरीस, पेन्टेकोस्टच्या सणाला गावच्या सभागृहाला शंभर वर्षं होतात. तिथे बाबांनी आपली सगळ्यात चांगली जोडी लावायची असं ठरलं आहे. हाम्बुर्ग आणि यॉर्कशरहून शौकीन येणार आहेत. गावासमोर ती जोडी किंचाळली तर बाबा पुन्हा दुरुस्तीच्या शेडमध्ये पाऊल ठेवणार नाहीत. आणि त्या शेडखेरीज आता त्यांच्यापाशी काय आहे?

मी बरी आहे. म्हणजे काहीच होत नाही. रडू येत नाही, झोप येते, भूक लागते. आतोबांना नमस्कार. तुझा लोभ मला पुरून उरतो, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
सिसेल


स्वानेके,
२० फेब्रुवारी

चि. सिसेल हिस,
गुड्रुन आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पदवी घेतल्यापासून अक्षर डॉक्टरांसारखं झालंय; आतोबांनी भिंग लावून वाचलं, आणि ते सगळा वेळ धुरात हेरिंग मासे टांगत असल्यामुळे पत्रालाही आता तोच वास आहे. राग मानू नकोस.

सांगू नकोस. हे माझं उत्तर. का, ते आता ऐक, कारण तुला सांगायला हवं.

तुझ्या आईला हे फार आधीपासून माहीत होतं. एगोनने, तुझ्या बाबांनी, आयुष्यभर कारखान्यात रेडिओच्या पेट्या कापल्या, त्या करवतीशेजारी उभं राहून. कानात बोळेसुद्धा घातले नाहीत. म्हणे बोळे बायकांनी घालावेत. बोडिलला कळलं, पण ती काही बोलली नाही. ती शेडमध्ये खुर्ची टाकून विणत बसायची, आठवतं ना? आवाज टोचायला लागला की तिच्या सुया थांबायच्या. तो बरोबर जागी आला की ती पुन्हा विणायला घ्यायची. आणि एगोन तिथेच फिरकी सोडायचा. तिने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं की त्याला हे ठाऊक आहे का. ती म्हणाली की तो तर सगळ्यांना सांगत फिरतो, बायकोला कान नाहीत, माझं संगीत चालू असताना ती मोज्यांचे टाके मोजते. आणि हसली. आपल्याकडे याहून जास्त प्रेम कुणी बोलून दाखवत नाही.

तेव्हा तू त्याला कान गेले म्हणून सांगशील, तर तो हिशेब करत मागे जाईल, आणि ज्या कामाला सगळा पश्चिम किनारा मान देतो ते आपलं नव्हतं असं त्याला वाटेल. बायको गेली, आता तेही नेणार का? मंडळी फिरकी मागे घेतात, घेऊ देत. सणाच्या दिवशी वेर्नर मागच्या बाजूने हात घालील. माणसाला सावरून घ्यायला गावं असतात.

रडू येत नाही म्हणून काळजी करू नकोस. मलाही माझ्या आईच्या वेळी तीन बटाट्यांच्या मोसमांनंतर आलं, तेही कांदा नसताना. जेवत जा. इकडच्या घराचं दार तुझ्यासाठी लोटलेलंच असतं, कडी नाही.

तुझी आत्या,
गुड्रुन


लेमवी,
९ मार्च

चि. सिसेल हिस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं. कबरीवरचा बर्फ झाडला, पाइनची फांदी ठेवली. वेर्नर आला होता. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला की वारा उत्तरेला वळलाय. वळला होता खरा.

तुझं काम कसं चाललंय? लोकांच्या कानात दिवे लावून बघतेस, आत काही सापडलं तर कळव. वेर्नरचा हरवलेला पाना तिथेच असणार.

इकडची बातमी अशी की थिबोरोनच्या जुन्या जीवरक्षक ठाण्यातला कर्णा मला मिळाला. वादळात बोटींना हाका मारायचा तो. आत चिमणीचं घरटं होतं. चुंबक अजून असा ताठ आहे की पकड ओढून घेतो. पण पडदा भाजलेला. सुटे भाग मिळाले तर उन्हाळ्यात बोलेल.

एक गोष्ट तुला विचारतो, कारण तू शिकलेली आहेस आणि इतरांना विचारलं तर गावभर होईल. दुःखाने आवाज जाड होतो का? बोडिल गेल्यापासून प्रत्येक जोडीवर कुणी घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. टेपवरच्या बाईचा आवाज येतो, पण तिचे ओठ येत नाहीत. पूर्वी मी फिरकी फिरवायचो आणि एका जागी हात आपोआप थांबायचा. चाळीस वर्षांचा हात आहे, त्याला कळायचं. आता तो थांबतच नाही. आणि हात थांबला नाही तर लाख कुठे टाकू? बाटली तशीच पडली आहे. वेर्नर म्हणतो की शोकाने असं होतं, हळूहळू उतरेल. मला तेच बरं वाटतं. ती गेल्यावर सगळं पूर्वीसारखंच ऐकू आलं असतं, तर ते बरं दिसलं नसतं.

गरम मोजे घाल. आईने केलेले संपले असतील तर दुकानात मिळतात, पण टाचेला टिकत नाहीत. आठवण ठेवतेस, ठेवत जा.

तुझे बाबा,
एगोन


ओडेन्से,
१७ मार्च

ती. बाबांस,
सिसेलचा सा. न.

पत्र पोचलं. मोजे आहेत. वेर्नरचा पाना अजून कुणाच्या कानात निघाला नाही.

दुःखाने आवाज जाड होतो का, असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि चारही कागद फाडले. पत्रात लिहिण्यासारखं नाही, आले की बोलू. तोवर एक विनंती आहे. घरातल्या बैठकीच्या खोलीतल्या जोडीला हात लावू नका. ती आईच्या वेळची आहे, तिच्यावर लाख आहे. ती तशीच असू दे.

सोबत खोकल्याच्या गोळ्या पाठवते आहे, का ते मला माहीत नाही. टपालकचेरीशेजारी दुकान होतं. ईस्टरला सुट्टी मिळत नाही. मायेत उणं येऊ देऊ नये.

तुमची,
सिसेल


लेमवी,
२१ एप्रिल

चि. सिसेल हिस, अनेक आशीर्वाद.

गोळ्या मिळाल्या. खोकला नाही, म्हणून वेर्नरच्या कुत्र्याला दिल्या, त्यालाही नव्हता.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझी विनंती मला पाळता आली नाही. झालं असं. परवा मंडळ जमलं तेव्हा मी तयार केलेली एक जोडी लावली. हवामानाची टेप झाली. तुला माहीत आहे, चांगलं झालं असेल तर आपल्याकडे माणूस थोडा वेळ गप्प बसतो, केकचा दुसरा तुकडा घेतो आणि म्हणतो, वाईट नाही. वाईट झालं असेल तर कुठे काय बिघडलंय ते सांगतो. वेर्नर उठला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, अप्रतिम. सिसेल, या माणसाने स्वतःच्या लग्नातसुद्धा हा शब्द वापरलेला नाही. मग बाकीचेही म्हणाले, फारच सुंदर. आणि केक तसाच राहिला. माणूस मरायला टेकला की लोक असं बोलतात. काहीतरी फार बिघडलंय आणि ते कुणी मला सांगत नाही.

म्हणून सणासाठी मी बैठकीतली जोडीच न्यायची ठरवली. लावून पाहिली, तर तीही घोंगडीखाली. ती तर मी बोडिलच्या देखत बांधली होती, तेव्हा काचेसारखी बोलत होती. मग मागची फळी काढली, चाकूने लाख खरवडली आणि फिरकी पुढे केली. शेवटपर्यंत गेली. पुढे जागा नाही. आता दोन्ही पेट्या उघड्या पडल्या आहेत आणि मी त्यांच्यासमोर बसतो.

आईच्या वेळी फिरकी कुठे होती त्याची मी खूण करून ठेवायला हवी होती. लाख खरवडल्यावर लक्षात आलं.

तू येशील तेव्हा ये. घाई नाही.

बाबा


ओडेन्से,
१३ मे

ती. गुड्रुन आत्यास,
सिसेलचा सा. न. वि. वि.

सांगू नकोस, असं तू लिहिलं होतंस. मी सांगून आले आहे.

बाबांचं ते पत्र वाचल्यावर मला वाटलं की तू म्हणतेस तसं गाव माणसाला सावरून घेतं खरं, पण कुणी काही सांगत नाही हे त्या माणसाला कळलं की मग तो एकटा उघड्या पेट्यांसमोर बसतो. वेर्नरने सणाला मागून हात घातला असता, आणि लोक फारच सुंदर म्हणाले असते, आणि ते ऐकून बाबा घरी गेले असते. ते मला बघवलं नसतं. हे मी शिकलेली आहे म्हणून नाही.

दवाखान्यातलं कान तपासायचं लहान यंत्र विचारून घेतलं आणि शनिवारी गेले. बाबांनी बटाटे उकडून ठेवले होते. यंत्र बघून म्हणाले की हे कुठल्या सालचं, आत काय आहे, उघडू का. मी म्हटलं, हे नाही, आज तुम्हाला उघडायचं आहे. ते खुर्चीत बसले, यंत्राचे दोन गोल कानांवर चढवले आणि बटण हातात घेतलं. मी त्यांच्या पाठीमागे बसले, तसंच बसायचं असतं. जाड स्वरांना ते लगेच बटण दाबत होते. स्वर बारीक होत गेले तसं बोट थांबलं. मी आवाज वाढवत गेले. स्वयंपाकघरात पूर्ण शांतता होती, आणि त्यांच्या डोक्यावरच्या गोलांतून गळून तो स्वर मला लांबूनही ऐकू येत होता. त्यांना येत नव्हता. आवाज नसताना त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.

कागद त्यांच्यासमोर ठेवला. काय समजावायचं ते मी गाडीत पाठ करून आले होते. त्याची गरज पडली नाही. आत्या, या माणसाने आयुष्यभर स्पीकरांच्या अशाच रेषा वाचल्या आहेत. त्यांनी चष्मा लावला, बोट डावीकडून उजवीकडे नेलं आणि रेषा जिथे खाली कोसळते तिथे थांबवलं. म्हणाले की याचा बारीक आवाजाचा कर्णा जळालाय. हा सुटा भाग मिळतो का? मी म्हटलं, भाग मिळत नाही, पण कानात घालायचं यंत्र मिळतं. त्यांनी त्याचा आकार विचारला. मी नखाएवढा दाखवला. एवढ्याशा खोक्यातून बास कुठून निघणार, असं म्हणून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. मी तो पुन्हा काढणार आहे.

मग त्यांनी विचारलं की हे कधीपासून. मी म्हटलं की हळूहळू, बहुधा दहा वर्षांहून जास्त. ते कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, म्हणजे बोडिल गेली म्हणून नाही. मी म्हटलं, नाही. बटाटे गार झाले होते, आम्ही ते खाल्ले.

सुयांचं मी सांगणार नव्हते. ते तू माझ्यापाशी ठेवलं होतंस. पण जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं. दहा वर्षं मला ऐकू येत नव्हतं, तर माझा हात कसा थांबायचा? ते उठून शेडमध्ये गेले, मी मागोमाग गेले. आईची खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर आता तारांची वेटोळी असतात. ते खुर्चीकडे बघत म्हणाले की ती विणायला लागली की मी थांबायचो. सुया कधी ऐकू आल्या नाहीत, दिसायच्या. मला वाटायचं, ती कंटाळली. बायको कंटाळली की माणसाने पुरे करावं. मग म्हणाले की आणि मी लोकांना सांगत होतो, हिला कान नाहीत.

मला वाटलं होतं की आता मला रडू येईल. आलं नाही. मी खुर्चीवरची वेटोळी उचलून खुंटीला टांगली.

बैठकीतली जोडी आम्ही दोघांनी शेडमध्ये आणली. त्यांनी हवामानाची टेप लावली आणि फिरकीवर हात ठेवला. मी आईच्या खुर्चीत बसले. मला विणता येत नाही, हात मांडीवर ठेवले. त्या बाईने उत्तर समुद्रातली सगळी ठिकाणं वाचली. बाबा फिरकी हळूहळू मागे घेत होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. 'स' बोथट होत गेला, मग एका जागी ती बाई खोलीत येऊन उभी राहिल्यासारखी वाटली, ओठांसकट. मी म्हटलं, थांबा. ते थांबले. दुसऱ्या पेटीलाही तसंच केलं.

मग त्यांनी विचारलं की बोडिलची जागा हीच होती का. मला हो म्हणता आलं असतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, ही माझी आहे. त्यांनी मान डोलावली. लाखेची बाटली फडताळात होती, झाकण घट्ट बसलेलं. ते त्यांनी पकडीने काढलं, काडी बुडवली आणि ती माझ्या हातात दिली. दोन्ही दांड्यांवर थेंब मी टाकला. एक जरा ओघळला आहे. बाबा म्हणाले, राहू दे, त्यावरून कुणाचं काम ते कळेल.

रविवारी वेर्नरला कॉफीला बोलावलं. बाबांनी त्याला काहीच सांगितलं नाही, फक्त टेप लावली. टेप संपली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग पुढे वाकून त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाला, वाईट नाही. बाबा म्हणाले, कान सिसेलचे आहेत. वेर्नरने माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला अर्धा खाल्ला.

जोडी सभागृहात जाईल. मंडळाकडच्या बाकीच्या जोड्याही एकेक करून परत मागवायचं बाबांनी ठरवलं आहे. महिन्यातून एक शनिवार मी जाईन असं मी कबूल केलं आहे, आणि दवाखान्यात तसं लिहून दिलं आहे.

तुझा शब्द मोडला. त्याबद्दल रागवायचं असेल तर रागव, पण पत्राने रागव, म्हणजे तुझं अक्षर तरी दिसेल. आतोबांना नमस्कार.

लाख वाळली आहे.

तुझी,
सिसेल